आक्का बसली म्हणे

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या हयातीत जेवढ्या खोट्या बातम्या पसरल्या, त्यातल्या निम्म्या आमच्या दाजींच्या तोंडातून निघाल्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्या कानात शिरून पुढं गेल्या, असं मी छातीठोकपणे सांगतो. आणि तितक्याच छातीठोकपणे हेही सांगतो की हा माणूस जन्मात कधी खोटं बोललेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पिरनवाडी मागं टाकून बेळगुंदीच्या बाजूला निघालं की त्यांचं गाव लागतं. मी टिळकवाडीत एका वकिलाकडं कारकून आहे. आठवडाभर ‘पुरावा काय?’ हा एकच प्रश्न ऐकायचा, आणि रविवारी बहिणीकडं जेवायला गेलं की पुराव्याशी ज्याचं उभ्या जन्माचं वाकडं आहे अशा माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायचं, हे माझ्या नशिबी आलं. बरं, बहिणीचा नवरा, तोंड उघडून बोलायची सोय नाही. बोललो तर आक्काचा वाढता हात तिथंच थांबतो, आणि आक्काच्या हातच्या वांग्याच्या भरतासाठी मी आजवर बरंच काही निमूट गिळलेलं आहे.

दाजी सरकारी बसवर कंडक्टर होते. नोकरीचा बहुतेक काळ बेळगाव-निपाणी याच मार्गावर गेला. तिकिटं देऊन झाली की घंटीची दोरी हातात धरून ते मधल्या दांड्याला टेकायचे आणि बातम्या सुरू व्हायच्या. काकतीला चढलेली बातमी हत्तरगीपर्यंत मराठीत असायची, संकेश्वरला ती कन्नड बोलायला लागायची, आणि निपाणीत उतरेपर्यंत तिला दोन्ही भाषांतलं तिखटमीठ लागून ती अशी काही झणझणीत व्हायची की जिच्याबद्दल ती होती त्या माणसालासुद्धा ती नवीन वाटावी. पण दाजींनी यात स्वतःचं कधी काही घातलं नाही. ते फक्त जोडायचे. इथं एक बघितलं, तिथं एक ऐकलं, दोन्हींच्या मध्ये जी मोकळी जागा राहिली ती भरून काढायची, एवढाच त्यांचा हातखंडा. शिवाय त्यांचा एक कायदा होता. एका ठिकाणी ऐकलं तर ती नुसती वावडी. तीच गोष्ट दुसऱ्या स्टॉपवर दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, की ती ‘खात्रीची’. सकाळी आपणच निपाणीत सोडलेली बातमी दुपारच्या फेरीला संकेश्वरच्या फळवाल्यानं परत सांगितली, की दाजींचे डोळे विस्फारायचे. “बघा, मी सकाळीच म्हणत न्हवतो?” असं ते बसभर फिरून सांगायचे, आणि ती सकाळची बातमी तेव्हापासून खात्रीची व्हायची.

माझ्यावरही हा प्रयोग झालेला आहे. एकदा मी एका दवाखान्याच्या दारात स्कूटर लावून पलीकडच्या चांभाराकडं चपलेचा अंगठा शिवून घेत होतो. दाजींनी जाता जाता बसच्या खिडकीतून माझी स्कूटर बघितली. मी त्यांना दिसलो नाही, कारण मी खाली उकिडवा बसलेलो. संध्याकाळी घरी पोचलो तर दारात चपलांचा खच. आत आत्या डोळ्याला पदर लावून बसलेली, मामा मोसंबीची पिशवी मांडीवर घेऊन भिंतीकडं बघत बसलेले, आणि मामी माझ्या बायकोला धीर देत होती की हल्ली हार्टचं काही राहिलं नाही, लोक चौथ्या दिवशी शेतात जातात. मी दारात धडधाकट उभा राहिलेलो बघून मामी चक्क नाराज झाली. “मग आम्ही भाड्याची गाडी करून आलो ते कशाला?” असं तिनं मलाच विचारलं. मी तरातरा दाजींकडं गेलो. ते शांतपणे सुपारी कातरत होते. “पावणं, स्कूटर तुमची हुती का न्हाय?” होती. “दवाखान्याच्या दारात हुती का न्हाय?” होती. “मग मी खोटं काय बोललो?” आमचे वकीलसाहेब इतकी वर्षं उलटतपासण्या घेतात, पण माझी अशी कोंडी त्यांनाही कधी जमली नसती.

आणि गंमत अशी, की मोबाईलवर येणाऱ्या बातम्यांचा दाजींना भयंकर तिटकारा. कुणी व्हॉट्सॲपवरचं काही वाचून दाखवलं की ते तोंड वाकडं करतात. “त्याला आई न्हाय, बाप न्हाय. कुणी लिवलं, कुठनं आलं, काय पत्ता हाय? बातमी कशी माणसाच्या तोंडातनं आली पायजे.” मागं शाळेत मतदार जागृतीचा कार्यक्रम झाला. अफवांवर विश्वास ठेवू नका, असं साहेब कन्नडमधून सांगत होते, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या दाजींनी वाजवल्या, आणि ज्यांना कन्नड कमी कळतं त्यांना शेजारी बसून मराठीत उलगडून सांगितलं. त्याच बैठकीत त्यांनी ते साहेब पुढच्या महिन्यात बदलून विजापूरला जाणार आहेत हेही सांगून टाकलं. साहेब अजून बेळगावातच आहेत.

तरी या माणसाचा राग धरता येत नाही, हे माझं खरं दुखणं. सासरी गेलेल्या पोरींच्या आयांचे डबे त्यांनी वर्षानुवर्षं निपाणीला फुकट पोचवले. रस्त्यात कुणी म्हातारं बसची वाट बघताना दिसलं की स्टॉप नसताना दोरी ओढली. आजही गल्लीत कुणाच्या घरी काही झालं की पहिले हजर दाजी. बातमी घ्यायलाही येतात आणि तिरडी बांधायलाही. शिव्या घालायला म्हणून आपण तोंड उघडावं, तर ते आपल्याच घरचा गॅस संपला म्हणून खांद्यावर सिलिंडर घेऊन उभे असतात. अशा माणसाचं करायचं काय, सांगा.

तर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या आक्काच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव झाली. बाकीच्यांना पंचायतीत जाऊन काय काय पाहिजे असतं मला ठाऊक नाही. आक्काला गटार पाहिजे होती. वरच्या गल्लीचं सगळं सांडपाणी अंगणवाडीच्या दारातून वाहतं. दोन-तीन वर्षांची पोरं त्यातून पाय बुडवत खिचडी खायला जातात, आणि निम्मी पोरं कायम खरजेनं खाजवत असतात. आक्कानं पंचायतीच्या किती पायऱ्या झिजवल्या असतील त्याला गणती नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी खुर्चीतून न उठता “बघू या आक्का” म्हणायचं. शेवटी ती एक दिवस घरी येऊन म्हणाली, “आता त्या खुर्चीतच जाऊन बसते.” बचत गटाच्या बायकांनी अर्ज भरायला लावला. समोर उभी राहिली सोसायटीच्या माजी चेअरमनची सून. ती बिचारी सरळ बाई. तिचा सासरा मात्र पोचलेला.

आक्काला चिन्ह मिळालं कपाट. आठवड्याभरात गावात पसरलं की आक्का निवडून आली तर प्रत्येक घराला एक कपाट मिळणार. मी खालच्या मानेनं पत्रकं वाटत होतो तेव्हा एका म्हातारीनं मला थांबवून विचारलं, “आरशाचं का बिनआरशाचं?” मी डोक्याला हात लावला. दाजींना म्हटलं, अहो हे खोडून काढा, नाहीतर उद्या दारात रांग लागेल. तर म्हणाले, “मी कशाला खोडू? मी कुठं सांगितलंय? मी फक्त ‘कपाट लक्षात ठेवा, कपाट घरात येणार’ एवढंच म्हटलंय.” आक्का मात्र दुपारच्या उन्हात घरोघरी फिरून सांगत सुटली, कपाट मिळणार न्हाय, गटार मिळंल. आता लोकांना कपाट सोडून गटार घ्या म्हणणारी ही जगातली पहिली उमेदवार असेल. पण बायकांना ते पटलं. त्यांचीच पोरं खाजवत होती. शेवटच्या आठवड्यात वारं चांगलं आक्काच्या बाजूनं होतं, हे माझ्यासारख्या संशयी माणसालाही दिसत होतं.

तेव्हा चेअरमननं पहिला डाव टाकला. आक्का निवडून आली की गाव सोडून टिळकवाडीला भावाकडं राहायला जाणार, अशी वावडी उठली. पुरावा म्हणाल तर आक्का पिशवी घेऊन टिळकवाडीच्या बसमध्ये चढताना लोकांनी बघितलेली. त्या पिशवीत माझ्यासाठी वांगी होती. पण वांगी कोण बघतो? “आक्का, तुमी तिकडं बंगल्यात ऱ्हाणार, आमची गटार कोण बघणार?” असं बायका तिला विचारायला लागल्या. आक्का घरी येऊन भिंतीकडं तोंड करून आडवी झाली, आणि ते बघून दाजींचा संयम सुटला. स्वतःच्या बायकोवर कुणी खोटी बातमी उठवावी, हा त्यांना आपल्या धंद्याचाच अपमान वाटला असावा.

इथं बाहेरगावच्या वाचकाला ‘बसणं’ म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडं पंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार उभा राहतो आणि बऱ्याचदा आयत्या वेळी बसतो. अर्ज मागं घ्यायची तारीख गेलेली असते, मतपत्रिकेवर नाव छापून आलेलं असतं, पण दोन्हीकडची वडीलधारी माणसं गावच्या लक्ष्मीच्या देवळात जमतात, समेट करतात, देवीचा भंडारा, म्हणजे तिच्यापुढची हळद, उचलून शपथ घेतात, आणि एक उमेदवार आतल्या आत बसतो. मग त्याच्या माणसांनी मतं दुसऱ्याला द्यायची. यात मुख्य नियम असा की भंडारा उचलणाऱ्यानं त्याची वाच्यता करायची नाही. विचारलं तर नाही म्हणायचं. आणि शपथ मोडली तर देवी त्या घरच्या बाईमाणसावर कोपते, अशी समजूत आहे. समजूत कसली, दाजींसारख्यांच्या लेखी तो कायदाच आहे.

दाजींनी त्या दिवशी दोन गोष्टी बघितल्या. चेअरमन देवळातून कपाळभर भंडारा लावून बाहेर पडला, आणि त्याच्या मागोमाग दाजींचा चुलतभाऊ चपला घालत बाहेर आला. चेअरमनची म्हैस व्याली होती म्हणून तो देवीला गेलेला, आणि चुलतभाऊ देवळातल्या नळाला पाणी प्यायला. पण मधली मोकळी जागा दाजींनी भरली. दुसऱ्या दिवशी निपाणीला लेकीकडं जाताना त्यांनी बसमध्ये सांगायला सुरुवात केली, की समेट झाला, भंडारा उचलला, चेअरमनची सून बसली, आक्काची जागा आल्यात जमा. निपाणीत उतरल्यावर तंबाखूच्या वखारीवर जाऊन त्यांनी ते आप्पांनाही सांगितलं. आप्पा हे तिथले जुने जैन व्यापारी, दाजींच्या बसचे वर्षानुवर्षांचे प्रवासी. दिवस मावळला की जेवत नाहीत आणि खोटं म्हणून बोलत नाहीत. दाजी त्यांना सुप्रीम कोर्टाच्या जागी मानतात.

बातमी गावात पोचली आणि चेअरमनची आधी घाबरगुंडी उडाली. पण तो पोचलेला माणूस. त्यानं बातमी खोडायच्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं. त्यानं पारावर एवढंच सांगितलं, “समेट झालाय म्हंता? व्हय, झालाय. खुद्द कंडक्टरच सांगतोय, मग खरंच असणार. पण बसलंय कोण, ते तुमी डोळ्यानं बघा की.” लोकांनी डोळ्यानं बघितलं. जाहीर प्रचार संपलेला होता. आक्का नियमाची, प्रचार बंद म्हणजे बंद, म्हणून ती घरी तांदूळ निवडत बसलेली. चेअरमनची सून मात्र हळदीकुंकवाच्या निमित्तानं घरोघरी फिरत होती. जी फिरते ती उभी, जी घरात आहे ती बसली. गावानं निकाल लावून टाकला. चुलीपुढच्या बायकांपासून दूध घालायला येणाऱ्यांपर्यंत सगळीकडं एकच, आक्का बसली म्हणे.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी रजा काढून आक्काकडं गेलेलो. दुपारी आम्ही जेवायला बसणार, तेवढ्यात दाजी पिरनवाडीहून आले. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर साबण वाळलेला. न्हाव्यानं वस्तरा चालवता चालवता त्यांना बातमी दिली होती, आणि ते अर्ध्यातून उठून आले होते. वाटेत त्यांनी निपाणीला आप्पांना फोन लावला होता. आप्पांनीही ऐकलं होतं. दोन स्टॉप झाले. दाजी उंबऱ्यातच उभे राहिले आणि बायकोकडं अशा नजरेनं बघायला लागले की जणू तिनं घर विकलंय आणि यांना आजच कळलंय.

“तू बसलीस म्हणे?”

आक्काच्या हातातली परात तशीच राहिली. “कोण म्हंतंय?”

“कोण का म्हणंना. मला दोनीकडनं खात्रीचं कळलंय.”

“आवं, मी हितं तुमच्या म्होरं उभी हाय. मी बसले न्हाय, कुणी मला बसवलं न्हाय, देवळाची पायरी मी ह्या महिन्यात चढले न्हाय. मला इचारा की.”

“तुला कसं इचारू? भंडारा उचललेलं माणूस सांगतंय व्हय?”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, दाजी, ही तुमचीच बातमी. तुम्हीच परवा बसमध्ये सोडलीत, तीच फिरून उलटी होऊन तुमच्या दारात आलीय. ते माझ्याकडं दयेनं बघत म्हणाले, “पावणं, मी सांगितलेली येगळी. ती बसली असं मी सांगितलं. ही बसली असं मी सांगितलं व्हय?” मी चिडून त्यांच्याच फोनवरून आप्पांना लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा केला. आप्पा आपल्या सावकाश आवाजात म्हणाले, समेट झाल्याचं मला तुमच्या दाजींनीच सांगितलं. मग काल एक गिऱ्हाईक म्हणालं की बसली ती आक्का. मी आपलं ऐकलं, खरंखोटं देव जाणे. आता यावर कुणीही शहाणा माणूस काय समजेल? दाजी म्हणाले, “बघा, आप्पासारखा माणूस सुद्धा समेट झाला म्हंतोय.” खरंखोटं देव जाणे, एवढा तुकडा त्यांच्या कानातून कुठं गळून पडला कुणास ठाऊक. दाजींचा हा जुनाच गुण आहे, वाक्याचा पुढचा डबा घ्यायचा आणि मागचा स्टेशनवर सोडून द्यायचा.

आक्कानं मग परात खाली ठेवली, पदर खोचला आणि न जेवता बाहेर पडली. मी तिच्या मागोमाग. नियम गेला खड्ड्यात, म्हणाली. वरच्या गल्लीतल्या प्रत्येक दारात उभी राहून ती सांगत होती, मी बसले न्हाय बायांनो, मी उभी हाय. आणि प्रत्येक दारातली बाई मान डोलावून म्हणत होती, “व्हय व्हय आक्का, कळलं की.” आणि डोळा मिचकावत होती. एक तर आक्काचा हात हातात घेऊन म्हणाली, “बसलीस ते बरं केलंस. बायमाणसाला कशाला डोक्याला ताप? आमी शब्द राखतो तुझा.” जितकं आक्का नाही म्हणायची, तितकी त्यांची खात्री पटायची. खऱ्याला नाही म्हणायचं नसतं आणि खोट्याला हो म्हणायचं नसतं, एवढंच मी आजवर शिकलो होतो. पण जिथं नाही म्हणणं हाच हो म्हणण्याचा पुरावा, तिथं माणसानं डोकं कुठल्या भिंतीवर आपटायचं? शेवटच्या दारावरून परत येताना आक्काचा आवाज बसला होता. अंगणवाडीपुढून येताना तिनं चपला हातात घेतल्या आणि त्या घाण पाण्यातून ती चालत आली.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं भली मोठी रांग लागली. बायका नटून आल्या होत्या आणि आक्काकडं बघून प्रेमानं हसत होत्या.  दुपारच्या सुमाराला दाजी बोटाला शाई लावून बाहेर आले, मला हाताला धरून शाळेमागच्या चिंचेखाली घेऊन गेले आणि कानाशी लागून म्हणाले, “पावणं, आता काळजी करायचं कारण न्हाय. आक्काचा शब्द मी पडू दिला न्हाय.”

“म्हणजे काय केलंत?”

“मी पण तिकडंच मारला शिक्का.”

 संताप असा आला की हा माणूस माझ्या बहिणीचा नवरा नसता तर मी त्याला तिथंच चिंचेच्या खोडाला बांधला असता. मी म्हटलं, अहो, स्वतःच्या बायकोविरुद्ध? दाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. “मग काय करू? तिनं भंडारा उचलला असंल, आन मी घरातलाच माणूस शपथ मोडली, तर ते कुणावर येणार? तिच्यावरच का न्हाय? आधीच तिला साखर, त्यात बीपी. जागा काय, पाच वर्सांनी परत येईल. ही गेली तर मी कुठनं आणू? कपाटावर शिक्का मारायला हात उचलला व्हता मी, पावणं. तसाच खाली घेतला. तिला सांगू नका, तिला बिचारीला लाज वाटंल.” आता तुम्हीच सांगा, या माणसाला मारायचं की मिठी मारायची. मी दोन्ही केलं नाही. मी तिथून निघून जाऊन उसाच्या गाड्यावर एकटाच रस पीत बसलो.

मोजणी बेळगावात झाली. आक्का पडली. फार नाही, थोडक्यात पडली, आणि थोडक्यात पडलेलं जास्त लागतं. वरच्या गल्लीच्या मतांनीच तिला पाडलं. ज्या बायकांची पोरं गटारीत चालतात त्यांनी तिचा शब्द राखला होता. संध्याकाळी गुलाल उधळत मिरवणूक गल्लीत आली. चेअरमन मुद्दाम थांबला, दाजींच्या पाया पडल्यासारखं वाकला आणि सगळ्यांच्या देखत हसून म्हणाला, “दाजी, उपकार झाले. कसला समेट न् कसलं काय, आमाला तर ही कल्पना सुचलीच नसती. तुमीच बसमधनं आणून दिली.” लोक हसले. काहीजणी हसता हसता थांबल्या, आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. दाजी दारात उभे होते.   त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि ते मागं सरून घरात गेले.

आक्का आत चहा करत होती. बायका येऊन रडून गेल्या होत्या, आम्हाला काय ठावं आक्का, आमी तुझ्यासाठीच केलं म्हणून. तिनं सगळ्यांना धीर देऊन परत पाठवलं होतं. आता घरात आम्ही तिघंच. तिनं दाजींच्या हातात कप दिला आणि त्यांच्या शेजारी, पोरगी असल्यासारखी टेकून बसली. मला ती अशी त्यांच्याजवळ बसलेली फार वर्षांत आठवत नाही. म्हणाली, “जाऊ दे रं बाळू. पडले तर पडले. सगळ्या गावानं ते खरं मानलं, पण ह्येनी मनातनं न्हाय मानलं. तोंडानं काय का बोलले असतील, शिक्का तर माझ्यावरच मारला असणार. येवढ्या मतांत एक मत मला ठावं हाय कुणाचं ते.”

दाजींनी तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं. मग चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

त्याला आता बराच काळ झाला. दाजी अजूनही निपाणीला जातात, येतात, पण बसमध्ये खिडकीशी बसून बाहेर बघतात, असं लोक सांगतात. खरंखोटं मी बघायला गेलेलो नाही. गटार होती तशीच आहे. आक्का मात्र पुढच्या खेपेला परत उभी राहणार आहे, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला जेवताना ती निवडणुकीची गोष्ट सांगते. गावानं फसवलं, पण घरच्या माणसानं साथ सोडली नाही, हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळतो की घास तोंडात फिरायला लागतो. दाजी खाली मान घालून ताटातला भात कालवत राहतात. गोष्ट संपली की आक्का वाढणं हातात धरून माझ्याकडं वळते.

“व्हय का न्हाय रं, बाळू? तू तर तितंच व्हतास.”

“व्हय की आक्का,” मी म्हणतो. “मी बघितलंय.”